लोकप्रतिनिधीची ओळख : सांगोल्याचे उदाहरण

तालुक्याच्या आमदाराशी अधिकारी, शिक्षक अथवा पंचायत सदस्य यांचा संबंध बहुधा बैठक, उद्घाटन किंवा शिफारसपत्र एवढ्यापुरताच येतो. त्यावरून माणूस उमगत नाही. तो निवडणुकीस का उभा राहतो, हे समजून घ्यावयाचे तर त्याची भाषणे काहीशी बाजूस ठेवावीत. वर्षानुवर्षे त्याने कोणता प्रश्न धरून ठेवला आणि पराभवानंतर तो काय करीत होता, हे पाहावे. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

मूळचे मोहोळ तालुक्यातील असलेले देशमुख वकील होऊन सांगोल्यात आले आणि शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने 1962 मध्ये प्रथम विधानसभेवर निवडून गेले. ही निवडणूक धरून 2014 पर्यंत ते एकाच मतदारसंघातून अकरा वेळा विजयी झाले. यातील बहुतेक काळ विरोधी बाकावर गेला. सत्तेतील मंत्रिपद त्यांच्या वाट्यास अल्पकाळच आले. केवळ सत्तेची ओढ हीच प्रेरणा असती, तर लहान पक्षात राहून पन्नास वर्षे काढण्याचे कारण नव्हते. पक्ष बदलण्याच्या संधी महाराष्ट्राच्या राजकारणात कोणास कमी पडल्या आहेत?

सांगोला हा पर्जन्यछायेचा तालुका. पाऊस थोडा व अनिश्चित, जमीन बरीचशी हलकी व मुरमाड, माण नदी वर्षातील पुष्कळ दिवस कोरडी. दुष्काळी कामे, चारा आणि टँकर यांच्याभोवतीच येथील सार्वजनिक जीवन फिरत आले. देशमुखांचा प्रश्न याच भूमीतून आला. पाणी येईपर्यंत हातावर हात धरून न बसता अल्प पाण्यावर काय साधेल, याचाही विचार झाला. सहकारी सूतगिरणी उभी राहिली, पुढे महिलांची स्वतंत्र गिरणीही निघाली. 1990 मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली, तेव्हा डाळिंब व बोर यांच्या बागा येथे झपाट्याने वाढल्या.

मुख्य मागणी मात्र कृष्णेच्या पाण्याचीच होती. बच्छावत लवादाने 1976 मध्ये महाराष्ट्राच्या वाट्यास 560 अब्ज घनफूट पाणी दिले. परंतु नदीकाठापासून दूर आणि उंचावर असलेल्या तालुक्यांना ते उपसून आणल्याखेरीज मिळणे शक्य नव्हते. 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली आटपाडी येथे तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली, तीत देशमुख अग्रभागी होते. टेंभू व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचा पाठपुरावा याच मार्गाने झाला.

येथे पराभवाचा विचार करावयास हवा. 1972 मध्ये ते हरले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 मध्ये दोनशेहूनही कमी मतांनी हरले. आमदारकी गेली तरी पाणी परिषद थांबली नाही आणि देशमुखांनी ती सोडली नाही. 1999 मध्ये मतदारांनी त्यांस पुन्हा निवडले. तालुक्यात धनगर समाज मोठा आहे व देशमुख त्याच समाजाचे होते, हे त्यांच्या यशाचे कारण म्हणून पुष्कळदा सांगितले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. पण हा समाज 1972 आणि 1995 मध्येही तेथेच होता.

एस. टी.च्या गाडीने प्रवास करणारे आमदार म्हणून त्यांची ख्याती झाली. साधेपणाचे कौतुक अवश्य व्हावे. तथापि प्रेरणेचा पुरावा म्हणून तो अपुरा आहे, कारण साधेपणाही मते मिळवून देतो. विधानसभेच्या कार्यवृत्तात कोणता प्रश्न किती वेळा उपस्थित झाला, याची नोंद अधिक बोलकी असते. आपल्या गावच्या सरपंचास ओळखू पाहणाऱ्या पंचायत सदस्यासही ग्रामसभेचे इतिवृत्त तितकेच उपयोगी पडेल. स्वार्थ आणि सेवा यांची सरमिसळ प्रत्येकात असते. पाणी आणल्याने मतेही मिळतात, हे देशमुखांना ठाऊक नव्हते असे मानणे भाबडेपणाचे होईल.

2019 ची निवडणूक त्यांनी लढविली नाही. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले, तेव्हाही तालुक्यातील काही गावे कृष्णेच्या पाण्याची वाट पाहत होती.