जुना लेथ आणि दहा फुटांची खोली

कुंभाराच्या चाकावर माती फिरते. लेथवर लोखंड फिरते आणि हत्यार ठरलेल्या रेषेत सरकते. ती रेषा सरळ असणे, यातच यंत्राचे सारे मोल साठविलेले असते. जुना लेथ पाहावयास गेलेला मनुष्य मात्र बहुधा त्याचा रंगच पाहतो!

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान काढले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. लेथसाठी नावाजलेला 'म्हैसूर किर्लोस्कर' कारखाना १९४१ साली हरिहर येथे निघाला. तो आता बंद आहे. त्यामुळे त्याच्या जुन्या लेथचे भाग नवे मिळणे कठीण, आणि दुरुस्त न झालेले यंत्र भंगाराच्या भावाने तोलले जाते. कडगंचीसारख्या गावी, घरामागील दहा फुटांच्या खोलीत असा एखादा लेथ येऊन पडला, तर मालकाने काय करावे?

प्रथम चक, मोटर आणि टेलस्टॉक सुटे करून बेड आत न्यावा. सुट्या केलेल्या प्रत्येक भागास चिठ्ठी बांधावी. त्यांखाली सापडणाऱ्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या कचरा समजून फेकू नयेत. जुन्या कारागिराने जमविलेली उंची त्या पट्ट्यांतच असते.

लहान भागांच्या गंजावर धुण्याच्या सोड्याचे पाणी आणि बॅटरी चार्जर यांचा उपाय चांगला. गंजलेला भाग ऋण टोकास व टाकाऊ लोखंडी पत्रा धन टोकास जोडून दोन्ही पाण्यात सोडावेत. ते एकमेकांस टेकू नयेत. स्टेनलेसचा पत्रा वापरू नये. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. ह्या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो. कोंदट खोलीत दार-खिडकी उघडी ठेवणे व ठिणगी टाळणे अगत्याचे.

बेडला मात्र पॉलिश पेपर लावण्याचा मोह आवरावा. त्याची भुकटी सरकत्या भागांत शिरून आणखी झीज करते. बेड झिजतो तो विशेषतः चकाजवळ, कारण बहुतेक काम तेथेच होते. खात्रीच्या सरळ पट्टीला निळा रंग पुसट लावून ती बेडवर फिरविली, की उंचवट्यांवर रंग उमटतो. तेवढाच भाग हाताने खरवडावयाचा, पुन्हा पट्टी फिरवावयाची. हे काम दिवसांचे नसून आठवड्यांचे आहे. खरवडल्याने राहिलेल्या बारीक खळग्यांत तेल धरून राहते, हा आणखी एक लाभ.

यंत्र जागेवर बसविताना ओबडधोबड जमिनीमुळे बेडला पीळ पडतो. तो ओळखण्यासाठी जाड सळई एकाच टोकाने चकात धरावी, तिच्यावर दोन ठिकाणी कडी राखावीत आणि हत्याराची जागा न बदलता दोन्हींवरून हलका कात घ्यावा. मायक्रोमीटरने दोहोंचे व्यास वेगळे भरले, तर पायाचा बोल्ट किंचित सैल अथवा घट्ट करून पुन्हा कात घ्यावा. दोन्ही कडी एका मापाची उतरली, की मग खुशाल रंगाचा डबा उघडावा.