जुन्या गाडीचे पाटे : स्टीलचे ठेवायचे की फायबरचे घालायचे?

दसरा जवळ आला की म्हैसूरच्या घराघरांत साफसफाई सुरू होते. अशा वेळी आवारात झाकून ठेवलेल्या आजोबांच्या अ‍ॅम्बॅसेडरवरचा कपडाही निघतो. गाडी धुऊन पुसून झाल्यावर लक्षात येतं, की मागची बाजू एका अंगाने खाली बसली आहे. मागच्या सीटवर चौघं बसून चामुंडी टेकडीकडे निघालात, तर प्रत्येक गतिरोधकावर खालून 'ठक' असा आवाज येतो. गॅरेजवाला वाकून बघतो आणि म्हणतो, "पाटे गेलेत."

इथेच नवा प्रश्न उभा राहतो. मुलाने मोबाइलवर वाचलेलं असतं, की आता फायबरचे, म्हणजे कंपोझिटचे पाटे मिळतात. ते हलके असतात, गंजत नाहीत. मग जुनं लोखंड कशाला? निर्णय घेण्याआधी पाटा नेमकं काय काम करतो, ते समजून घ्या.

पाटा फक्त वजन उचलत नाही

अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांच्या मागच्या चाकांवर स्टीलच्या पट्ट्यांचे जुडगे असतात. सर्वांत लांब मेन पाटा वर, त्याखाली एकेक आखूड पट्टी. मध्ये सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला हलणारी शॅकल.

हा जुडगा गाडीचा भार पेलतो, पण त्याहून मोठं काम म्हणजे मागचा अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवणं. अ‍ॅक्सलला सांभाळायला दुसरे दांडे नसतात. तुम्ही ब्रेक दाबता, अ‍ॅक्सिलरेटर देता, वळण घेता, तेव्हा येणारा सगळा ताण पाट्यावरच येतो. शिवाय पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे उसळीही थोडी कमी होते.

फायबरचं कौतुक कुठून आलं?

काचेचे बारीक तंतू इपॉक्सीत बसवून हा पाटा बनतो. त्याच वजनाच्या स्टीलपेक्षा तो जास्त ऊर्जा साठवून परत देऊ शकतो. म्हणून पट्ट्यांच्या जुडग्याऐवजी एकच जाड पट्टी पुरते.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या शेवरले कॉर्व्हेटचं. 1981 मध्ये या गाडीच्या ऑटोमॅटिक मॉडेलला मागे फायबरचा पाटा बसवला. स्टीलचा पाटा जवळपास 20 किलोचा होता, नवा 4 किलोहूनही कमी. पुढे 2015 च्या सुमारास व्होल्वोच्या एक्ससी 90 लाही मागे असाच पाटा आला.

पण एक फरक लक्षात घ्या. या दोन्ही गाड्यांत पाटा आडवा, एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे बसवलेला असतो. चाकं जागेवर धरायला वेगळे दांडे असतात. पाट्याचं मुख्य काम भार पेलण्याचं. तुमच्या अ‍ॅम्बॅसेडरचे पाटे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतात आणि अख्खा अ‍ॅक्सल सांभाळतात. म्हणून कॉर्व्हेटला जे जमलं, ते तुमच्या गाडीला तसंच्या तसं लागू होत नाही.

वजनाचा फायदाही इथे तितका जाणवत नाही. अ‍ॅम्बॅसेडरचा मागचा अ‍ॅक्सलच मुळात जड. पाट्यातून काही किलो वाचले, तरी चाकांबरोबर उसळणारं वजन त्या मानाने थोडंच कमी होतं.

दोघांचे गुणदोष

स्टीलचा पाटा गंजतो, करकरतो, वर्षानुवर्षांच्या भाराने बसतो. पण तो दुरुस्त होतो. एकच पट्टी तुटली असेल तर तेवढीच बदलता येते. कमान उतरली असेल तर पाट्यांचं काम करणारा कारागीर ती पुन्हा चढवून देतो. मात्र नुसती हातोडीने ठोकून चढवलेली कमान पुन्हा बसण्याची शक्यता जास्त. पोलाद तापवून, विझवून, पुन्हा योग्य पाणी दिलं असेल तर ती टिकते. तुटलेल्या पट्टीला वेल्डिंग मात्र कधीही करू नका. उष्णतेने तिचा लवचीकपणा जातो आणि ती तिथेच पुन्हा तुटते.

फायबरचा पाटा गंजत नाही आणि करकरत नाही. तो सहसा एकदम न तुटता थर सुटत सुटत खराब होतो. पण दगडाचा जोरदार मार, सायलेन्सरची जवळची उष्णता आणि नंतर पाडलेलं भोक त्याला सोसत नाही. बिघडला की दुरुस्ती नाही, पूर्ण बदलावा लागतो. पट्ट्यांचं घासणं नसल्याने सगळा भार शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर येतो, म्हणून तेही त्याला जुळणारे हवेत.

कागदपत्रांचाही विचार करा

2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी वेगळे नोंदणी नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. अट ही, की गाडी मूळ रूपात जपलेली असावी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार नसावेत. त्या नियमात पाट्यांचा वेगळा उल्लेख नाही. तरीही पाटे बसवायला चॅसीवर कापाकापी किंवा वेल्डिंग करावं लागत असेल, तर तिथेच थांबा.

जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' हिच्या 2012 च्या ट्युरिन सनदेतही हेच सूत्र आहे, की बदल शक्य तितका कमी आणि पुन्हा पूर्ववत करता येईल असा असावा. म्हैसूरहून बेंगळुरूकडे जाताना श्रीरंगपट्टणजवळ 'पयण' हे मोटारींचं संग्रहालय लागतं. धर्मस्थळाचे डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या संग्रहातल्या गाड्या तिथे आहेत. मुलांना घेऊन जा. जुन्या गाड्यांच्या खाली वाकून बघितलं, की हा विषय पुस्तकाशिवाय समजतो.

आधी हे तपासा

• सपाट जमिनीवर रिकामी गाडी उभी करा. दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. फरक दिसला, तर बसलेली बाजू कळेल.
• शॅकल, रबरी बुश आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बघा. अनेकदा 'ठक' आवाज यांचाच असतो आणि दोष मात्र पाट्यांना मिळतो.
• पाटे नेहमी जोडीने करा. एकच बाजू नवी केली तर गाडी पुन्हा तिरपी बसेल.
• बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असू द्या. यू बोल्ट नवे घ्या आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या.

मग निवड कोणती?

गाडी घरची आठवण म्हणून जपायची असेल, सणावाराला किंवा रॅलीला बाहेर काढायची असेल, तर चांगले बनवलेले स्टीलचे पाटेच घ्या. खर्च आवाक्यात राहतो, गावोगावी कारागीर मिळतो आणि गाडी मूळ रूपात राहते.

फायबरचेच हवे असतील, तर बनवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. हा पाटा माझ्याच मॉडेलच्या वजनासाठी बनवला आहे का? तो अ‍ॅक्सल धरून ठेवण्याचा ताण सोसतो, याची चाचणी झाली आहे का? बसवताना चॅसीला हात लावावा लागेल का? उत्तरं लेखी मिळाली नाहीत, तर पैसे देऊ नका. आणि काहीही ठरवलं, तरी जुने पाटे भंगारात घालू नका. तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवा. उद्या नातवंडांना गाडी मूळ रूपात आणावीशी वाटली, तर ते घरातच असतील.