टेबलावरचा प्रोसेसर आणि टेबलाखालचा चिलर

जून 2018. तैपेईचं कॉम्प्युटेक्स प्रदर्शन. इंटेलने मंचावर 28 कोअरचा एक डेस्कटॉप प्रोसेसर चालवून दाखवला, तोही सगळे कोअर 5 गिगाहर्ट्झवर. वर्षअखेरीस तो बाजारात येईल, अशी घोषणाही झाली आणि टाळ्या पडल्या. पुढे काही पत्रकारांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, तर तिथे जाडजूड वेष्टण चढवलेल्या नळ्या निघाल्या आणि त्यांच्या टोकाला एक हॉर्सपॉवरचा, पाणी गोठणबिंदूच्या आसपास नेणारा औद्योगिक चिलर. दुसऱ्याच दिवशी एएमडीने 32 कोअरचा थ्रेडरिपर दाखवला, साध्या पंख्याच्या कूलरवर. आपला नमुना ओव्हरक्लॉक केलेला होता, तेवढं सांगायचं राहून गेलं, असं इंटेलने मागाहून मान्य केलं. तो प्रोसेसर झिऑन डब्ल्यू-3175एक्स या नावाने 2019 च्या सुरुवातीला विक्रीला आला तेव्हा त्याचा मूळ वेग होता 3.1 गिगाहर्ट्झ आणि किंमत 2,999 डॉलर.

यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. प्रोसेसर खरोखर 5 गिगाहर्ट्झवर चालत होता. येऊ घातलेल्या प्रोसेसरांच्या तुलनेत फसगत होते ती बहुतेक वेळा अशीच. आकडा खरा असतो, पण तो कुठल्या परिस्थितीत मिळाला हे टेबलाखाली राहतं.

म्हणून दोन टोकाचे समज आधी बाजूला ठेवू. एक, कंपनीने अधिकृत स्लाइडवर छापलं म्हणजे ते प्रमाण. दुसरा, कंपन्या थापाच मारतात, रिव्ह्यू येईपर्यंत सगळं सोडून द्यावं. दुसरा समज हुशारीचा वाटतो, पण तोही चुकीचाच. मार्च 2017 मध्ये पहिला रायझन आला तेव्हा एएमडीने आपल्याच जुन्या रचनेपेक्षा दर आवर्तनाला 52 टक्के जास्त काम होतं, असं सांगितलं होतं. आधीचं उद्दिष्ट होतं 40 टक्क्यांचं. लोक हसले होते. तो दावा टिकला आणि डेस्कटॉपची बाजारपेठच फिरली.

स्लाइड वाचायची ती खालच्या बारीक टाइपापासून. ऑक्टोबर 2018 मध्ये इंटेलने कोअर आय9-9900के जाहीर केला आणि एका त्रयस्थ प्रयोगशाळेकडून पैसे देऊन करून घेतलेल्या गेमिंग चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत एएमडीचा रायझन 7 2700एक्स फारच मागे दिसत होता. चाचणीची पद्धत वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं की एएमडीच्या सॉफ्टवेअरमधला ‘गेम मोड’ चालू ठेवला होता. नाव गोंडस असलं तरी ती सोय मुळात थ्रेडरिपरसाठी होती, आणि 2700एक्सवर ती लावली की आठांपैकी चार कोअर बंद पडतात. ओरड झाल्यावर चाचण्या पुन्हा झाल्या. इंटेल पुढेच राहिला, पण अंतर आकसलं.

एएमडीच्या भक्तांनी खूश होऊ नये. जून 2024 मध्ये एएमडीने जुन्या एएम4 सॉकेटसाठी रायझन 9 5900एक्सटी जाहीर केला आणि गेममध्ये तो इंटेलच्या कोअर आय7-13700के च्या तोडीस तोड असल्याचे आलेख दाखवले. तळटीप सांगत होती की ग्राफिक्स कार्ड होतं रेडिऑन आरएक्स 6600. हे मध्यम कुवतीचं कार्ड स्वतःच आधी दमतं, मग मागचा प्रोसेसर कुठलाही असो, फ्रेम सारख्याच येणार. म्हणजे त्या आलेखांनी एकाच ग्राफिक्स कार्डाची तुलना त्याच ग्राफिक्स कार्डाशी केली होती.

इथेच आणखी एका गैरसमजाचा हिशोब चुकता करून टाकू. रिव्ह्यू करणारे सर्वांत महागडं ग्राफिक्स कार्ड लावून साध्या 1080पी रिझोल्यूशनवर चाचणी घेतात, तेव्हा ‘असं कोण खेळतं?’ असा प्रश्न हमखास येतो. फारसं कुणी खेळत नाही. पण प्रोसेसर मोजायचा तर ग्राफिक्स कार्डाचा अडसर दूर करावा लागतो, म्हणून ही पद्धत. 4के वर मोजलं की दोन पिढ्यांपूर्वीचा प्रोसेसरही आजच्याच्या बरोबरीने दिसतो. आपण 4के वरच खेळत असू तर त्याचा अर्थ एवढाच, की प्रोसेसरवरचे पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत.

गिगाहर्ट्झचं भूत खरं तर वीस वर्षांपूर्वीच उतरायला हवं होतं. पेंटियम 4 च्या काळात इंटेलने सगळा डाव घड्याळाच्या वेगावर लावला. 4 गिगाहर्ट्झच्या मॉडेलची घोषणा झाली, पण उष्णतेपुढे हात टेकावे लागले. ते मॉडेल रद्द झालं आणि ऑक्टोबर 2004 मध्ये ऑरलँडोच्या एका परिषदेत कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी मंचावर गुडघे टेकून, अर्ध्या गमतीत, माफी मागितली. 2006 मध्ये इंटेलचाच 2.4 गिगाहर्ट्झचा कोअर 2 डुओ ई6600 आला आणि त्याने 3.6 गिगाहर्ट्झच्या पेंटियम डीला मागे टाकलं. दर आवर्तनात काम किती होतं, हे आवर्तनं किती होतात याच्याइतकंच महत्त्वाचं असतं. तरीही आज कुठल्याही दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ‘किती गिगाहर्ट्झ?’ हाच असतो.

कोअरच्या संख्येचंही तेच. 2011 चा एएमडी एफएक्स-8150 ‘आठ कोअर’ म्हणून विकला गेला. आत चार मॉड्यूल होती, प्रत्येकात दोन कोअर, आणि दशांश आकडेमोडीचा विभाग दोघांत मिळून एकच. अनेक गेममध्ये चार कोअरचा आय5-2500के त्याला भारी पडला. ‘आठ’ म्हणणं योग्य होतं का, हा वाद अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला आणि 2019 मध्ये एएमडीने 1 कोटी 21 लाख डॉलरवर तो मिटवला. आजच्या इंटेल कोअर अल्ट्रा 9 285के मध्ये 24 कोअर आहेत, पण त्यातले आठ मोठे आणि सोळा छोटे. शिवाय एका कोअरवर दोन थ्रेड चालवणारं हायपरथ्रेडिंग काढल्यामुळे थ्रेडही 24 च, तर त्याच्या आधीच्या 14900के मध्ये 24 कोअरना 32 थ्रेड होते. थ्रेड घटले म्हणून रेंडरिंगचा वेग घटला का? नाही, उलट बऱ्याच कामांत वाढला, कारण छोटे कोअर पूर्वीच्या मानाने फार सुधारले.

गेममध्ये मात्र हाच 285के अडखळला, आणि तिथे ‘जितके कमी नॅनोमीटर तितका प्रोसेसर सरस’ हा समज सर्वांत स्वच्छ मोडतो. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या या प्रोसेसरचे कोअर टीएसएमसीच्या 3 नॅनोमीटर प्रक्रियेवर बनतात. होय, तैवानच्या त्याच कारखानदाराकडे, जिथे एएमडीही आपला माल बनवून घेते. एएमडीचा रायझन 7 9800एक्स3डी 4 नॅनोमीटरचा, आणि इंटेलचा स्वतःचा जुना 14900के ‘इंटेल 7’ प्रक्रियेचा, जिला 2021 पर्यंत 10 नॅनोमीटरच्या घराण्यातली म्हणत. क्रमवारी नॅनोमीटरने लागत असती तर 285के पहिला यायला हवा होता. गेममध्ये तो 9800एक्स3डीच्या तर बराच मागे पडलाच, पण अनेक ठिकाणी घरच्या जुन्या भावाच्याही मागे गेला.

कारण अंतर्गत मांडणीत आहे. 285के एकसंध चिप नाही, वेगवेगळे तुकडे शेजारी शेजारी जोडून तो तयार होतो. कोअर एका तुकड्यात आणि रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर दुसऱ्यात. त्यामुळे रॅमकडे जाऊन परत यायला जास्त वेळ लागतो. 5 गिगाहर्ट्झवर एक आवर्तन 0.2 नॅनोसेकंदाचं. रॅममधून माहिती यायला 80 नॅनोसेकंद लागले तर तेवढ्यात 400 आवर्तनं निघून जातात. कंपायलिंग किंवा रेंडरिंगमध्ये हे वाट पाहणं बरंचसं झाकलं जातं, कारण पुढे काय लागेल याचा अंदाज बांधता येतो. गेममध्ये पुढच्या क्षणी खेळाडू कुठे वळेल ते त्यालाच माहीत, आणि माहितीची मागणी विस्कळीत येते. एएमडीने याच्या अगदी उलट वाट धरली. रॅमकडे जावंच लागू नये म्हणून 9800एक्स3डी मध्ये कोअरच्या खाली कॅशचा जादा थर बसवला. साध्या 9700एक्स मध्ये एल3 कॅश 32 एमबी आहे, इथे 96. वरचा वेग 5.2 गिगाहर्ट्झ, म्हणजे 9700एक्सपेक्षा कमीच. तरी गेममध्ये तो अव्वल ठरला. व्हिडिओ एक्सपोर्ट करायला बसलात तर मात्र हाच आठ कोअरचा राजा सोळा कोअरच्या 9950एक्सच्या बराच मागे पडतो. ‘सगळ्यात चांगला प्रोसेसर कुठला’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यालाही लोक विजेचं बिल समजतात. 285के वर लिहिलंय 125 वॅट, पण पूर्ण भारात त्याची परवानगी 250 वॅटपर्यंत आहे. 9700एक्स वर 65 लिहिलंय, पण त्याची खरी मर्यादा 88 वॅट. दोन्ही कंपन्यांची मोजायची रीत वेगळी, त्यामुळे हे आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यात काही राम नाही. आपल्याकडे आणखी एक मुद्दा येतो. रिव्ह्यू बहुतेक वीस-बावीस अंश तापमानाच्या खोलीत होतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात एसीविना संगणक चालवणाऱ्याला तोच कूलर तेवढाच वेग देईल, ही अपेक्षा धरू नये. रायझन 95 अंशांपर्यंत पोचला म्हणून घाबरायचं मात्र कारण नाही. 7000 मालिकेपासून ती मर्यादा धरूनच रचना केली आहे. तिथे पोचल्यावर तो आपणहून वेग आवरतो.

आता लीकविषयी. लाँचआधी सहा महिने गीकबेंच या चाचणीचे आकडे झिरपू लागतात आणि त्यांवर भांडणं जुंपतात. ते आकडे अनेकदा अभियांत्रिकी नमुन्यांचे असतात. वेग मुद्दाम कमी ठेवलेला, बायोस कच्चा, रॅम कुठली ते माहीत नाही. शिवाय गीकबेंच 6 ने मल्टिकोअर गुण मोजायची पद्धतच बदलली. आता सगळे कोअर एकाच कामावर मिळून झटतात, त्यामुळे कोअर दुप्पट झाले म्हणून गुण दुप्पट होत नाहीत. एकाने आवृत्ती 5 चा आणि दुसऱ्याने 6 चा आकडा आणला, तर तो वाद अनंतकाळ चालू शकतो.

लाँचच्या दिवशीचे आकडे तरी अंतिम असतात का? 2024 ने त्याचंही उत्तर दिलं. रायझन 9000 आणताना एएमडीने दर आवर्तनाला सरासरी 16 टक्के वाढ सांगितली होती. ऑगस्टमध्ये रिव्ह्यू आले तेव्हा गेममधली वाढ नगण्य निघाली. 16 टक्के ही निवडक चाचण्यांची सरासरी आहे, प्रत्येक कामातली वाढ नव्हे, हे लोक विसरले होते. पण एएमडीचे स्वतःचे गेमिंगचे आकडेही जुळेनात. कंपनीने खुलासा केला की आमच्या चाचण्या विंडोजच्या खास अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून चालल्या होत्या, आणि त्यात प्रोसेसरचं पुढचा अंदाज बांधणं अधिक चांगलं चालतं. मग मायक्रोसॉफ्टचं अपडेट आलं आणि 9000 मालिका खरोखर वेगवान झाली. गंमत अशी, की त्याच अपडेटने आधीच्या 7000 मालिकेलाही जवळपास तेवढंच बळ दिलं. दोघांतलं अंतर होतं तिथेच राहिलं. इंटेलनेही 285के साठी डिसेंबरात दुरुस्त्या दिल्या, पण गेममधलं चित्र त्याने फारसं पालटलं नाही. नंतरच्या अपडेटवर भरवसा ठेवून प्रोसेसर घेऊ नये, एवढा धडा मी यातून घेतो.

उरतो तो सगळ्यांचा आवडता सल्ला, ‘थांब जरा, पुढचा येतोय’. इंटेलने नोव्हा लेक 2026 च्या अखेरीस येणार असल्याचं सांगितलं आहे. त्यात 52 कोअर आणि नवं सॉकेट असेल अशी चर्चा आहे, पण चर्चाच. एएमडीची झेन 6 रचना टीएसएमसीच्या 2 नॅनोमीटर प्रक्रियेवर येते आहे, हे कंपनीने सर्व्हरच्या प्रोसेसरबाबत जाहीर केलं आहे. एएम5 सॉकेटला 2027 पर्यंत आणि त्यापुढेही साथ देण्याचं वचन आहे. म्हणजे आज एएम5 चा मदरबोर्ड घेणाऱ्याला पुढे नुसता प्रोसेसर बदलायची संधी बरीच दिसते. इंटेलच्या 285के ला लागणाऱ्या एलजीए1851 बोर्डाबाबत तसं म्हणायला मी धजावणार नाही.

नवा आला की जुना स्वस्त होतो, म्हणून थांबणारेही पुष्कळ. नेहमी होत नाही. 2024 च्या मध्याला साडेतीनशे डॉलरच्या आसपास मिळणारा रायझन 7 7800एक्स3डी 9800एक्स3डीच्या आगमनाआधी माल आटल्याने महागला आणि 449 डॉलर या मूळ किमतीच्याही वर गेला. आणि 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार उचलल्यावर डीडीआर5 रॅमचे भाव असे कडाडले, की प्रोसेसरवर चार पैसे वाचवायला थांबलेल्यांनी ते रॅमच्या दोन पट्ट्यांवरच घालवले.