एक्सप्लेनर : आडनावातच गाव! रायगड किनाऱ्यावर पूर्वजांचा माग कसा काढायचा?

पेणकर, रोहेकर, चौलकर, दिवेकर... ही आडनावं वाचली की रायगड जिल्ह्याचा नकाशाच डोळ्यासमोर येतो. पण हीच आडनावं आज इस्रायलमध्येही सापडतात. हे कसं काय? आणि तुम्हाला तुमची वंशावळ शोधायची असेल तर सुरुवात कुठून करायची? जाणून घेऊया.

बेने इस्रायली आणि रायगडचं नातं काय?

परंपरेनुसार या ज्यू समाजाचे पूर्वज जहाज फुटल्याने अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले. पुढे ते कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. राहत्या गावावरून आडनावं पडली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. मराठी आणि आडनाव सोबत घेऊन. या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल केहिमकर यांच्या आडनावातही किहीम आहे. त्यांचं पुस्तक १९३७ मध्ये तेल अवीवला छापलं गेलं.

म्हणजे आडनाव पुरेसं आहे?

नाही. आडनाव गाव सांगतं, घराणं नाही. एकाच गावावरून पडलेलं आडनाव वेगवेगळ्या जाती-धर्मांत आढळतं. त्यामुळे पुढचा पुरावा कागदावरच शोधावा लागतो.

कोणते कागद पाहायचे?

• जुने फेरफार : खातेदार वारला की वारस नोंद होते. त्यात वारसांची नावं आणि नातं मिळतं.
• शाळेचं जनरल रजिस्टर : पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव.
• गाव नमुना १४ : गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी.
• तीर्थोपाध्यायांच्या वह्या : त्र्यंबकेश्वर, नाशिकला यात्रेकरूंच्या पिढ्यांची नावं लिहिलेली असतात.

तेव्हा राज्य कोणाचं होतं?

हा प्रश्न आधी विचारा, वेळ वाचेल. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. अलिबाग आधी आंग्र्यांकडे, नंतर इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात. रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे. जसं राज्य, तसं दप्तर. जिल्ह्याचं 'रायगड' हे नाव १९८१ पासूनचं. जुन्या कागदांत 'कुलाबा' शोधा. आणि हो, अनेक जुन्या नोंदी मोडीत आहेत. मोडी वाचणारा जाणकार गाठावाच लागेल.

कागदात काय सापडत नाही?

बायकांची नावं! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलींना वडिलांच्या जमिनीत मुलाइतका हक्क नव्हता. त्यामुळे जुन्या वारस नोंदींत त्या सहसा दिसत नाहीत. त्यात अनेक घरांत लग्नानंतर नावही बदलायचं. पणजीचं माहेर कोणतं, तिचं माहेरचं नाव काय, हे आजीलाच ठाऊक असतं. फेरफाराची नक्कल पुढच्या वर्षीही मिळेल. आजीच्या आठवणीची नक्कल निघत नाही. म्हणून तहसील कार्यालयात जाण्याआधी मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करून तिच्याजवळ बसा.

शेअर करताना काय काळजी घ्यायची?

हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव जाहीर टाकू नका. ओळख पटवण्यासाठी हीच माहिती विचारली जाते आणि फसवणूक करणारेही तीच शोधत असतात.