मोटारीचे पाणी

न्हाणीघरातला पाणी तापवायचा बंब पहा. वर्षभर विहिरीचे पाणी तापवले, की त्याच्या आत पांढरा टणक थर बसतो. हा थर म्हणजे पाण्यातले क्षार. आपला परभणी जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. त्या खडकातून झिरपलेले विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तेच पाणी आपण जीपच्या नि ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये ओततो. मग तिथेही तोच थर बसतो. बंब निदान घासता तरी येतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत हात कसा जाणार?

मोटारीला पाणी लागते कशाला? डिझेल जळले म्हणजे उष्णता होते. तिचा साधारण तिसरा हिस्साच गाडी ओढायच्या कामी येतो. तेवढाच धुरावाटे जातो. उरलेली बरीचशी उष्णता इंजिनाभोवती फिरणारे पाणी उचलते. ते रेडिएटरमध्ये येते, वाऱ्याने नि पंख्याने निवते, आणि परत इंजिनाकडे जाते. (मोटारसायकली बहुतेक वाऱ्यावरच निवतात. त्यांचे इंजिन पहा, त्याला पापडासारखे पातळ पदर असतात.)

आता नळ्या क्षाराने भरल्या, तर पाणी फिरणार कसे? मे महिन्यात आपल्याकडे पारा 44 अंशांच्या वर जातो. भरलेली गाडी जिंतूरच्या बाजूचा चढ चढू लागली, की काटा वर सरकतो. तरीही गाडी दामटली, तर इंजिनाचे हेड वाकते. मग दुरुस्तीला हजारो रुपये लागतात, आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर गॅरेजात उभा राहतो.

यासाठी कूलंट असते. कूलंट म्हणजे शुद्ध पाणी, ग्लायकॉल नावाचे एक द्रव्य, आणि गंज धरू नये म्हणून घातलेली औषधे. ते साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळते. थंड मुलखात ते गोठत नाही, हाही एक गुण. पण आपल्याकडे कडाक्याच्या थंडीतही पाणी गोठत नाही, म्हणून काही लोक त्याला शहरातले चोचले समजतात. मला ते पटत नाही. आपल्याला त्याची गरज गंजासाठी आणि उन्हाळ्यासाठी आहे.

दुकानात गेल्यावर डबा वाचा. आता वाचता येते ना? इंग्रजी असेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. डबे दोन तऱ्हेचे असतात. 'रेडी टू यूज' म्हणजे तसेच ओतायचे. 'कॉन्सन्ट्रेट' म्हणजे दाट. त्यात पाणी मिसळायचे. किती, ते डब्यावर असते, पुष्कळदा निम्मे-निम्मे. हे पाणी विहिरीचे नको. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी आणा. बॅटरीचा तेजाब मात्र निराळा, तो चुकूनही नको.

रंगावर जाऊ नका. हिरवे, लाल, निळे असे रंग कंपन्या आपल्या मर्जीने घालतात. गाडीच्या पुस्तकात कोणते कूलंट लिहिले आहे ते पहा, नि तेच घ्या. दोन जातींची मिसळ केली तर गाळ धरण्याची भीती असते. किती वर्षांनी बदलायचे, तेही पुस्तकातच असते. काहींचे दोन, काहींचे पाच. बदलल्याची तारीख वहीत लिहून ठेवा. वाटेत अडलात तर स्वच्छ पिण्याचे पाणी घालून घर गाठा, पण पुढे ते काढून टाका.

गाडी तापली असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका. आत दाब असतो. उकळते पाणी तोंडावर उडते. इंजिन बंद करा, पुरते निवू द्या, मग झाकणावर फडके धरून हळूच फिरवा. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले, तर लोखंडाला तडा जातो.

जुने कूलंट अंगणात किंवा नालीत सोडू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि भयंकर विषारी असते. कुत्री, शेळ्या ते चाटतात. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवले तर पोर पिऊन जाईल. डबा कुलपात ठेवा. कोणी प्यालेच, तर आधी दारू प्यायल्यासारखे झोकांडे जातात, आणि मूत्रपिंडे नंतर निकामी होतात. बरे वाटते आहे म्हणून थांबू नका. 108 ला फोन करून लगेच सरकारी दवाखान्यात न्या, आणि कूलंटचा डबा बरोबर घेऊन डॉक्टरांना दाखवा.