हेपटायटिस सी : उपचारातील औषधनिर्मात्याचे स्थान

हेपटायटिस सी हा यकृताचा विषाणुजन्य विकार. दूषित रक्ताच्या संपर्कातून तो पसरतो आणि अनेक वर्षे लक्षणे न दाखविता यकृताची हानी करीत राहतो. काही रुग्णांत त्याची परिणती सिरॉसिस वा कर्करोगात होते. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने दीर्घकाळ घ्यावी लागत आणि त्यांचे दुष्परिणामही तीव्र असत. २०१३ साली अमेरिकेत सोफोसबुविर या औषधास मान्यता मिळाली व चित्र पालटले. आता बहुधा बारा आठवडे गोळ्या घेतल्यास शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव रुग्ण बरे होतात.

औषध उपलब्ध असले, तरी ते रुग्णापर्यंत पोहोचणे व त्याने ते पूर्ण घेणे ही निराळी बाब होय. येथेच औषधनिर्मात्याचे, म्हणजेच फार्मासिस्टचे, कार्य सुरू होते.

स्कॉटलंडमधील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे अमली पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणारे अनेक रुग्ण मेथाडोन घेण्यासाठी नियमितपणे औषधालयात येतात. रुग्णालयातील भेटीची वेळ मात्र त्यांच्याकडून वारंवार चुकते. म्हणून ५५ औषधालयांचा समावेश असलेला एक अभ्यास करण्यात आला. त्यांपैकी काही ठिकाणी औषधनिर्मात्यानेच तपासणी करून उपचार दिले, तर उर्वरित ठिकाणी रुग्णांना नेहमीप्रमाणे रुग्णालयाकडे पाठविण्यात आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात ७ टक्के, तर दुसऱ्या गटात ३ टक्के रुग्ण रोगमुक्त झाले. रोज भेटणाऱ्या परिचित व्यक्तीवरील विश्वास येथे उपयोगी पडला.

औषधांच्या परस्परक्रियांवर लक्ष ठेवणे, हे दुसरे महत्त्वाचे कार्य. सोफोसबुविरसोबत हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील अमायोडॅरोन घेतल्यास नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे या औषधाची रक्तातील मात्रा घटते, तर आम्लपित्तावरील काही गोळ्यांमुळे वेल्पाटासविर नीट शोषले जात नाही. रुग्ण आणखी कोणती औषधे घेतो, ही चौकशी म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

भारतात २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणुजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमाचा शुभारंभ झाला. त्याअंतर्गत शासकीय केंद्रांतून तपासणी व औषधे विनामूल्य दिली जातात. औषध सुरू करण्याचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. परंतु गोळी चुकली आहे काय, पुढील साठा वेळेवर नेला काय, याची विचारपूस औषधनिर्माता सहज करू शकतो. बरे वाटू लागताच औषध सोडल्यास विषाणू पुन्हा डोके वर काढतो. उपचार संपल्यानंतर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणू न आढळल्यासच रुग्ण रोगमुक्त समजला जातो. ही अखेरची तपासणी टाळू नये, याची आठवण देणारा माणूस बहुधा औषधालयातच भेटतो.

हेपटायटिस सी वर प्रतिबंधक लस अद्याप नाही. त्यामुळे वेळीच तपासणी आणि पूर्ण उपचार, हाच खात्रीचा मार्ग होय. औषधालयात गेल्यावर आपण घेत असलेल्या सर्व औषधांची माहिती निःसंकोचपणे द्यावी. त्यातच रुग्णाचे हित आहे.