ओसरीवरचं युरोप

मार्च २०२५मध्ये प्रवासवर्णनकार मीना प्रभू गेल्या. त्याच सुमारास आमच्याकडच्या एका वाचनालयाने प्रवासवर्णनांचं कपाट रिकामं केलं आणि तिथे तलाठी भरतीचे मार्गदर्शक रचले. ‘कोणी नेतच नाही,’ असं उत्तर मिळालं. मी नेत होतो. पण पेन्शनरला वाचकांत धरत नसावेत. तेव्हा मराठी प्रवासवर्णनांचा हा मागोवा थोडा चिडूनच लिहितोय.

सुरुवात दणक्यात होती. पंडिता रमाबाईंनी १८८९मध्येच अमेरिकेची लोकस्थिती मराठीत आणली. अनंत काणेकरांनी १९४०मध्ये रशियाची वाट दाखवली, १९६०मध्ये पुलंची ‘अपूर्वाई’ आली. त्यानंतरची बरीच वर्षं मात्र मी झरझर उलटतो. परदेशी जाऊन आलेला जो तो पुलं व्हायला निघाला होता. विमानातलं जेवण, संडासातला कागद आणि गोऱ्या बाईने विचारलेला कुंकवाचा अर्थ, या तीन विनोदांवर कित्येक दिवाळी अंकांनी पानं भरली.

माझं दशक १९९०चं. परकीय चलनाची मूठ सैल झाली. मुंबईच्या सहल कंपन्यांच्या जाहिराती पेपरांतून आमच्या बाभुळगावपर्यंत पोचल्या. जिनवाले, डॉक्टर, फंडाचे पैसे हाती आलेले मास्तर असे एकेक जण धामणगावला जाऊन मुंबईची गाडी पकडू लागले. शेंगेनचा एकच व्हिसा १९९५मध्ये सुरू झाला; त्याआधी देशागणिक वेगळा शिक्का. युरो नव्हताच. लिरा, फ्रँक, मार्क, गिल्डर यांच्या वेगवेगळ्या पुड्या बांधायच्या आणि इटलीत एका कॉफीला हजारात लिरा मोजताना पोटात गोळा यायचा. व्हेनिसला आमच्या वाट्याला आलेल्या वेळातला अर्धा काचेच्या कारखान्यात गेला. त्या सहल कंपनीला मी अजून माफ केलेलं नाही.

पण खरा प्रवास परत आल्यावर व्हायचा. जेवणं आटोपून मंडळी ओसरीवर जमायची. अल्बम हातोहात फिरायचा, आणि त्यातला आयफेल टॉवर कोणी दुसऱ्यांदा बघायचं नाही. प्रश्न यायचे. ‘तिकडं पऱ्हाटी होते का, गुरुजी?’ ‘बर्फ पडल्यावर ढोरं कुठं बांधतेत?’ ‘एवढ्या देवळात पूजा करते कोण?’ कापसाच्या सरकारी एकाधिकार खरेदीचे चुकारे कधी हाती पडतील या घोरात असलेला माणूस स्वित्झर्लंडच्या दुधाचा भाव विचारायचा आणि तो ठाऊक नसला की तोंडावर म्हणायचा, ‘मंग पाह्यलं काय बाप्पा तुम्ही?’

या धाकाने माणूस पुढच्या खेपेला डोळे उघडे ठेवून जायचा. माझं तर मत झालंय की चांगलं प्रवासवर्णन अर्धं मागे राहिलेल्यांनी लिहिलेलं असतं. मीना प्रभूंची पुस्तकं जाडजूड का, याचंही उत्तर मला ओसरीवरच सापडलं. पेशाने डॉक्टर असलेल्या या बाई वर्षानुवर्षं लंडनमध्ये राहिल्या, पण लिहायच्या ते असल्या चौकशीखोर माणसांना समोर बसवून. ‘माझं लंडन’, ‘दक्षिणरंग’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’: कुठेही इतिहास सांगता सांगता मध्येच तिथल्या भाजीबाजारात शिरायच्या. समीक्षकांनी त्यांना ‘माहिती फार’ म्हणून बाजूला सारलं. ज्यांना माहिती लागत नाही, त्यांनी खुशाल तसं म्हणावं.

आता जाणारे उदंड झालेत. स्वित्झर्लंडमधल्या टिटलिसच्या शिखरावर सिनेमातल्या राज-सिमरनचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा आहे. त्याच्याशेजारी फोटो काढायला आपली माणसं रांग लावतात. त्याच डोंगरावरची हिमनदी उन्हाळ्यात वितळू नये म्हणून तिच्यावर पांढरं कापड पांघरतात, ते मात्र कोणाच्या रीलमध्ये दिसलं नाही. व्हेनिसच्या जुन्या बेटावर आता पन्नास हजारही रहिवासी उरले नाहीत. २०२४पासून ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून तिथे प्रवेशशुल्क घेतात. पहिल्या वर्षी ते पाच युरो होतं. गावातला कोणी ते भरून आला असला, तरी का भरावं लागलं हे त्याने विचारलेलं नाही. त्याला तरी कोण विचारणार? तो विमानात बसायच्या आत सगळ्यांनी सगळं पाहिलेलं असतं.

माझी एक जुनी चौकशी मात्र कायम आहे. आपल्या कितीतरी आधी परदेशी गेला तो आपला कापूस. वऱ्हाडातल्या गाठी लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ नावाने विकल्या जायच्या. शेजारच्या मँचेस्टरला रॉयल एक्स्चेंज ही कापूस-कापडाच्या सौद्यांची जंगी इमारत आहे. १९६८मध्ये सौदे थांबले, १९७६पासून तिथे नाट्यगृह आहे. पण उंचावरच्या फळ्यावर शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच लावलेले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला युरोपात याहून जवळचं काय असेल? सहलीची बस मँचेस्टरला थांबते ती ओल्ड ट्रॅफर्डच्या दारात. फुटबॉलचं ते मैदान बघून गावात कितीक जण परतले. त्या फळ्यावर कापसाला काय भाव लावलाय, हे मला एकानेही सांगितलेलं नाही.